ओवाळणीत दिलेल्या प्लेटलेट

मंगळवार, १२ नोव्हेंबर. सकाळी अकरा. नाशिक, रक्तविकारतज्ज्ञांची केबिन. हजर: डॉक्टर, माझी धाकटी बहीण मनीषा हिचे यजमान म्हणजे आमचे दाजी, आणि मी. गैरहजर: मनीषा. ती वरच्या मजल्यावर वॉर्डात होती. तिला रक्त चढत होतं.

डॉक्टरांसमोर बोन मॅरोचा रिपोर्ट होता. बोन मॅरो म्हणजे हाडाच्या आतला मगज. रक्त तिथे तयार होतं. मनीषाच्या कमरेच्या हाडातून चार दिवसांपूर्वी त्याचा तुकडा काढला होता.

"मगज जवळजवळ रिकामा आहे," डॉक्टर म्हणाले. "अप्लास्टिक ॲनिमिया. कॅन्सर नाही, पण गंभीर आहे."

या आजारात शरीर रक्त बनवणंच थांबवतं. लाल पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, कशाचाच पुरवठा होत नाही. बहुतेक वेळा कारण सापडत नाही. मनीषाचंही सापडलं नाही.

"उपाय दोन. एक औषध. दुसरा, सख्ख्या भावंडाचा बोन मॅरो जुळला तर तो देणं."

"मी आहे," मी म्हणालो. "एकुलता एक भाऊ." आणि फाइल पुढे सरकवली. फाइलमध्ये सगळं तारीखवार लावलेलं होतं. सातपूरच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो, त्यामुळे याद्या करायची सवय आहे. सर्वांत वर प्लेटलेट देणाऱ्यांची यादी होती. डॉक्टरांचं बोट तिथेच थांबलं.

"पहिलं नाव कुणाचं?"

"माझं."

"दोनदा दिल्यात?"

"दोनदा." हे मी थोड्या अभिमानाने सांगितलं.

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं.

आता मागचं सांगतो. दिवाळीच्या आधी मनीषाच्या दंडावर निळे डाग दिसू लागले. ती दिंडोरीकडे दिलेली, द्राक्षाची बाग आहे. मांडवाच्या तारेला, लोखंडी अँगलला हात आपटला असेल, असं तिला वाटलं. मग दात घासताना हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. तपासणीत प्लेटलेट नऊ हजार निघाल्या. दीड लाखाच्या वर हव्यात. गावात डेंग्यू होताच, म्हणून सगळ्यांनी डेंग्यूच धरला. टेस्ट निगेटिव्ह आली, तरी "येते कधी कधी" असं म्हणून आम्ही पुढे गेलो.

तिला नाशिकला आणलं. एसडीपी लागेल असं सांगितलं. एसडीपी म्हणजे एकाच दात्याकडून मशीनवर घेतलेल्या प्लेटलेट. मशीन रक्त ओढतं, प्लेटलेट बाजूला काढतं आणि उरलेलं रक्त परत देतं. दीड तास लागतो. ओठांना मुंग्या येतात, मग कॅल्शियमची गोळी देतात. त्रास एवढाच.

मी बाविसाव्या वर्षापासून रक्तदान करतो. कारखान्यातलं शिबिरही मीच भरवतो. दात्यांची यादी करायला मला दहा मिनिटं लागली. स्टोअरमध्ये आमचा नियम असतो, हाताशी आहे तो माल आधी द्यायचा. रक्तगट एकच, घर दहा मिनिटांवर. मी स्वतःला पहिला नंबर दिला. मला कुणी विचारलं नव्हतं, मी आपणहून पुढे झालो.

तो दिवस भाऊबीजेचा होता. वॉर्डात दिवा लावू देत नाहीत. मनीषाने सिस्टरांकडून स्टीलचा ट्रे मागून घेतला, त्यात कुंकू, अक्षता आणि न पेटवलेली वात ठेवली, आणि पलंगावर बसूनच मला ओवाळलं.

"ओवाळणी काय?"

"वर बघ. टांगलीय."

स्टँडवरच्या पिवळसर पिशवीकडे बघून ती हसली. दातांवर रक्त होतं. "यंदा साडीवर भागवलं नाहीस दादा. आता मीपण याद्या करत सुटणार. तुझ्या दाजींचं काही खरं नाही."

चार दिवसांनी मी पुन्हा दिल्या. डेंग्यूच्या पेशंटच्या प्लेटलेट आठवड्यात चढू लागतात, हिच्या दोन दिवसांत परत खाली. म्हणून बोन मॅरो तपासायचं ठरलं.

केबिनमध्ये डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं, आवाज न चढवता. रक्ताच्या नात्यातल्या माणसाच्या पेशी आधीच अंगात गेल्या, तर शरीर त्यांची ओळख लक्षात ठेवू शकतं. पुढे त्याच माणसाचा बोन मॅरो दिला, तर शरीर तो नाकारण्याचा धोका वाढतो.

"किती वाढला?" मी विचारलं. मला आकडा हवा होता.

"ते मी सांगू शकत नाही. डेंग्यू समजून दिल्यात, तुमची चूक नाही. पण यापुढे नात्यातल्या कुणाचंही नको."

जिन्यात दाजी थांबले. "भाऊ, तुमी चांगल्या मनानंच दिलं. तिला नका सांगू."

मी मान डोलावली.

मग एचएलए टेस्ट झाली. बोन मॅरो जुळतो का, ते तिच्यात कळतं. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. माझा पूर्ण जुळला. मनीषाने गावभर फोन केले. मी दुसऱ्या दिवशी कामावर गेलो.

आधी औषध करून पाहायचं ठरलं. एटीजी, घोड्याच्या रक्तापासून केलेलं, शिरेतून देतात. नंतर गोळ्या आणि वाट पाहणं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी रक्ततपासणी. ओपीडीच्या बाकावर दाजी फवारणीचे फोन घेत, मी दात्यांना फोन लावी. सहा महिन्यांत एकेचाळीस दाते आणले, सगळे परके. कारखान्यातले, कॉलनीतले, एकजण तर फोन चुकून लागला म्हणून आलेला. त्यांचे आभार मानायला शब्द पुरत नाहीत. मी त्यांना मशीनपर्यंत सोडतो आणि बाहेर बसतो.

औषध लागू पडलं नाही. आता मुंबईला बोन मॅरो बदलायचा आहे. दाता मीच, दुसरा कुणी नाही. डॉक्टर म्हणाले, "करण्यात धोका आहे. न करण्यात जास्त आहे." यापेक्षा आशादायक वाक्य सहा महिन्यांत आमच्या वाट्याला आलेलं नाही, आणि पुढे येईल असं मला वाटत नाही.

तुमच्या घरी अशी वेळ आली तर एवढं करा. प्लेटलेट का कमी झाल्या हे कळेपर्यंत सख्ख्या भावंडांनी थांबावं आणि डॉक्टरांना तसं स्पष्ट विचारावं. बाहेरचे दाते शोधा, मिळतात. आणि तुम्ही स्वतः परक्यांसाठी रक्त द्या. माझी गोष्ट वाचून ते सोडू नका. मनीषा आज आहे ती परक्यांच्या रक्तावर.

गेल्या आठवड्यात ती दाजींना म्हणाली, "मला भीती नाही वाटत. दादाचं दोनदा घेतलंय ना, अंगाला सवय झालीय."

हे दाजींनी मला सांगितलं, आणि मी लिहायला बसलो. तिला न कळवता हे कुठे छापायला देणं बरोबर नाही. तिच्या दोन्ही डोळ्यांत रक्त उतरलंय, अक्षरं दिसत नाहीत. म्हणजे वाचून मलाच दाखवावं लागणार.

मुंबईला निघण्याआधीची कामं यादीत अकरा आहेत. दहांवर खूण झाली आहे. अकरावं: मनीषाला हे वाचून दाखवणे. बाकी.