रळियातबेनने न घेतलेला नमुना

गटारात काय सोडायचं आणि काय नाही, हे देवळासर गावात एकाच बाईला तोंडपाठ होतं. रळियात बारैया तिचं नाव. कढत पाणी नको, तेजाब नको, तेलतूप नको, चिंध्या नकोत, आणि रंगाऱ्यांचं गंधकाचं काळं पाणी तर मुळीच नको. नगरपालिकेच्या ड्रेनेज खात्यात नमुने गोळा करायचं काम ती एकवीस वर्षं करत होती. दोरी बांधलेली लहान बादली, काचेच्या बाटल्या आणि रंग बदलणाऱ्या कागदी पट्ट्या खांद्याच्या पिशवीत घालून ती सकाळी निघायची. चेंबरचं झाकण उचललं, की पट्टी बुडवायच्या आधीच वासावरून सांगायची, वरच्या बाजूला कोणी काय ओतलंय ते.

भंगीवासातून बारावीला शास्त्र घेऊन पास झालेली ती पहिली मुलगी. तिचा बाप जेठाभाई जन्मभर गटारातला गाळ बादल्यांनी उपसत आला आणि शेवटी खोकून खोकून खाटेवर गेला. पोरीच्या हातात झाडू न येता बाटल्या आल्या, याचं त्याला एवढं अप्रूप, की तिच्या नेमणुकीचा कागद तो वाचता येत नसताना उशाशी घेऊन निजायचा.

कामात ती कुणाची भीड ठेवत नसे. फरसाणवाला पोपट ठक्कर कढईतलं जळकं तेल मोरीत ओतायचा. तिने पकडला तेव्हा तो हसत म्हणाला, "बेन, गटारालाही कधी गाठिये चाखू दे की."

"चाखू दे ना. उद्या ते तुझ्याच मोरीतून वर येईल, तेव्हा गिऱ्हाइकाला वाढ," रळियातने सुनावलं आणि नोटीस फाडून हातात दिली. पुढच्या आठवड्यात पोपटची मोरी खरंच तुंबली, आणि बाजारात तिचा दरारा बसला.

फक्त रंगारवाड्यातल्या हूरबाई खत्रीच्या अंगणात ती पिशवी खाली ठेवून बसायची. नोकरी नवी होती तेव्हा त्या गल्लीत तिच्यासाठी चहा यायचा तो कान तुटलेल्या वेगळ्या कपात, भिंतीवर ठेवलेल्या. हूरबाईने ते पाहिलं, तिला हाताला धरून आत नेलं, रकाबीत चहा ओतला, अर्धा स्वतः प्यायला आणि त्याच रकाबीत उरलेला तिला दिला. पुढे रळियातचा नवरा दुसरीबरोबर सुरतेला निघून गेला, तेव्हा हूरबाई आपलं रंगकाम टाकून चार दिवस तिच्या घरी येऊन बसली होती. असं नातं ते.

घरी आई देवीमा, धाकटा भाऊ करसन, त्याची बायको जसू आणि त्यांच्या दोन मुली. करसन तिच्याहून दहा वर्षांनी लहान. आई झाडायला जायची, म्हणून त्याला कडेवर घेऊन रळियातनेच वाढवला. तो ठेकेदाराकडे गटारं मोकळी करायच्या कामावर होता. दुसरं काम बघ म्हणून ती मागे लागायची, तर तो म्हणायचा, "तू वर नाक लाव, मी खाली हात लावतो. अख्खी नगरपालिका आपल्याच घरावर चाललीय, बेन."

तो भाद्रपद होता. नवरात्र तोंडावर आलं, की चणियाचोळीच्या काळ्या कापडाला उसंत नसते. हूरबाईचं घर काळ्या रंगाचंच काम करायचं. त्या रंगाचं पाणी गटारात सोडायला बंदी. ते अंगणातल्या टाक्यात साठवायचं आणि गावाबाहेरच्या शुद्धीकरणाच्या कारखान्याचा टँकर येऊन घेऊन जायचा. त्या वर्षी टँकर बिघडला, तो आलाच नाही.

रळियातने मागच्या गल्लीतलं चेंबर उघडलं आणि सडक्या अंड्यांचा वास नाकात शिरला. पट्टी बुडवली, काळी पडली. मागच्या दारात हूरबाई उभी होती. हात कोपरापर्यंत काळे.

"टाकं तुडुंब भरलंय गं," ती म्हणाली. "कापड भिजत घातलंय, आता काढलं तर डाग पडून सगळं वाया जाईल. टँकर आला की त्याच घडीला बंद करते."

रळियात हातात भरलेली बाटली घेऊन उभी राहिली. मग म्हणाली, "आठ दिवस. नवव्या दिवशी मी नमुना घेणार, तेव्हा मैत्रीण ओळखणार नाही." बाटली तिने परत गटारात रिकामी केली. रजिस्टरात लिहिलं, 'झाकण गंजल्यामुळे उघडले नाही.' एकवीस वर्षांत तिने लिहिलेलं ते पहिलं खोटं वाक्य. वाटेत तिने मनाची समजूत घातली, की पुढे घरांचं पाणी मिळतं, ते पातळ होऊन जाईल, आणि दिवाळीच्या सफाईपर्यंत त्या गटारात कोणी उतरायचं नाहीये.

सहाव्या दिवशी सकाळी रंगारवाड्याचं पाणी जिथून पुढे जातं त्या मोचीगल्लीत गटार तुंबलं. त्याच गटारावर पितळेची भांडी उजळायची एक शेड होती. तिच्या मालकाला तेजाब सोडतो म्हणून रळियातने तीन नोटिसा दिल्या होत्या, त्या कचेरीत फायलीत पडून होत्या. त्याने त्या दिवशी तेजाबाची कुंडी रिकामी केली होती. ठेकेदाराने करसनला आणि त्याच्या जोडीदाराला, वीराला, पाठवलं. कमरेला दोर, तोंडाला रुमाल, बस्स. वीराने पुढे सांगितलं, की करसन चौथ्या पायरीवर दमल्या माणसासारखा टेकून बसला आणि तसाच खाली घसरला. वीराने दोर ओढला, गल्लीतली माणसं धावली.

तुंबलेल्या ठिकाणचा नमुना घ्या, असा निरोप आल्यामुळे रळियात तिकडेच येत होती. कोणासाठी चाललोय हे तिला ठाऊक नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी तिला सडक्या अंड्यांचा वास आला. चार पावलं पुढे गेली आणि वास एकदम नाहीसा झाला. हवा चोख झाल्यासारखी वाटली. ती जागीच थांबली. वायू फार झाला की नाक मरतं, हे तिने कितीदा नव्या माणसांना शिकवलं होतं. तिने ओरडून सगळ्यांना मागे सारलं. मागे सरलेल्या माणसांच्या मधोमध फरशीवर करसन होता.

दवाखान्याची गाडी त्याला घेऊन गेली. वीरा गाडीत बसला, जसूला आणायला कोणी धावलं. रळियातने तोंडाला ओला पदर बांधला, लांबून दोरी सोडली आणि बाटली भरली. चिठ्ठी लावून तारीख, वेळ, गल्ली लिहिली. हात जरासुद्धा कापले नाहीत, याचं तिला पुढे कितीतरी दिवस वाईट वाटत राहिलं. दवाखान्यात पोचली तेव्हा जसू भिंतीला पाठ लावून खाली बसली होती. विचारायचं काही उरलं नव्हतं.

घरी देवीमाने एकच विचारलं. "तू तर रोज वास घेतेस गं. तुला नाही आला?"

दुसऱ्या दिवशी ड्रेनेज खात्याचे साहेब येऊन गेले. हळू आवाजात त्यांनी समजावलं, की करसनचं हृदय आधीपासून कमजोर असावं, तसाच कागद होईल, पितळवाल्याला दंड होईल, आणि रळियातवर काहीच येणार नाही. "तुमचं रजिस्टर स्वच्छ आहे, बेन," ते म्हणाले.

तिसऱ्या दिवशी हूरबाई खिचडीचं पातेलं घेऊन आली. देवीमा दोन दिवस पाण्यावर होती. हूरबाईने मांडी घालून तिला लहान मुलासारखे घास भरवले आणि म्हातारीने ते खाल्ले. रळियात दारातून बघत राहिली. जेवण झाल्यावर तिने हूरबाईला परसात नेलं आणि सांगितलं. नुसत्या तेजाबाने असं झालं नसतं, नुसत्या काळ्या पाण्यानेही नाही. दोन्ही मोचीगल्लीत एकत्र आली आणि त्यातून तो वायू उठला.

हूरबाई खाली दगडावर बसली. बराच वेळ आपले काळे हात बघत होती. मग म्हणाली, "तू त्या दिवशी नाही म्हणाली असतीस, तर मी ऐकलं असतं गं. एका शब्दाने ऐकलं असतं. का नाही म्हणालीस?"

उठताना हूरबाईच म्हणाली, "माझं नाव लिही. मी नाकबूल होणार नाही."

संध्याकाळी रळियातने आईलाही सांगितलं. देवीमा बाजरी निवडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं, सुपातले दोन खडे वेचून फेकले आणि म्हणाली, "जसूला मी सांगणार नाही. तुझ्या तोंडाने सांग." रात्री रळियातने जसूला सांगितलं. जसूने झोपलेल्या दोन्ही मुलींना आत ओढून घेतलं आणि मधलं दार लोटलं.

जबाबात रळियातने सगळं लिहून दिलं. गंजलेलं झाकण, रिकामी केलेली बाटली, आठ दिवस. प्रयोगशाळेचा कागदही तेच बोलला. मृत्यू हृदयाने नव्हे, गटारातल्या वायूने, हे कागदावर आलं, म्हणून जसूला भरपाई मिळाली. पितळेच्या शेडला टाळं लागलं. रंगारवाड्यातल्या खत्र्यांच्या मोरीचं तोंड नगरपालिकेच्या माणसांनी सिमेंटने बुजवलं, तेव्हा हूरबाईने स्वतः त्यांना पाणी आणून दिलं. दिवाळीनंतर ती नवऱ्याला घेऊन कच्छात लेकीकडे गेली. निघायच्या दिवशी रळियात एसटी स्टँडवर गेली होती. गाडी लागली होती, हूरबाई खिडकीशी होती. रळियात खांबाशीच उभी राहिली. गाडी सुटली.

रळियात वर्षभर निलंबित होती. मग तिला घरपट्टीच्या टेबलावर बसवलं. नमुने घ्यायला आता एक नवी मुलगी जाते. सुरुवातीला काही अडलं की ती विचारायला यायची, रळियात तिला समजावून द्यायची. आता तिलाही सगळं येतं.

देवीमा जसूजवळ राहते, भंगीवासाच्या दुसऱ्या टोकाला, भरपाईतून घेतलेल्या खोलीत. रळियात दर रविवारी जाते. मुली आत्याला बघून "फई आल्या" म्हणत बाहेर येतात, शाळेच्या वह्या दाखवतात. जसू मान हलवते. म्हातारी उठते, माठातलं पाणी काढते, पाहुण्याला देतात तसं ताटलीवर पेला ठेवून पुढे करते, आणि रळियात ते उभ्याउभ्या पिते.