शहर कुठे थांबवायचं?

आमच्या ऑफिसातल्या जुन्या फायली श्रेडरमध्ये जातात. किस्से मात्र कोणी नेत नाही, ते साठतच राहतात! काम तसं गमतीचं. परदेशातला एखादा जिल्हा आणि त्यातलं शहर भांडत येतात आणि शहराने कुठवर पसरायचं, ती रेघ आम्ही ठरवून देतो. तेही सिंगापूरमध्ये बसून, जिथे जिल्हा नावाची भानगडच नाही!

मागच्या वर्षी एका जिल्ह्याच्या अध्यक्षाबाई आणि तिथल्या शहराचे महापौर आले होते. वाद नदीकाठच्या भातशेतीचा. महापौरांना तिथे टॉवर हवे होते. बाईंचे तिन्ही भाऊ तिथेच शेती करायचे.

पहिल्या दिवशी आम्ही दोघांना एका उंच इमारतीच्या गच्चीवर नेलं. महापौरांनी विचारलं, "तुमचं शहर संपतं कुठे?"

"समुद्रापाशी," आमची बॉस मिसेस लिम म्हणाली.

"आणि जागा कमी पडली तर?"

"समुद्रात भर टाकतो, लाह!" तिच्या वाक्यांना हे सिंगापुरी शेपूट असतंच.

बाई शांतपणे म्हणाल्या, "आमच्याकडे समुद्र नाही ना, म्हणून यांचा डोळा माझ्या भावांच्या शेतावर."

* * *

मिसेस लिमचा एक सिद्धांत आहे. एसी सोळावर ठेवला की माणसं लवकर सही करतात! बाईंनी पर्समधून शाल काढली, महापौरांनी जॅकेट चढवलं आणि बैठक तीन तास जास्त चालली. कुडकुडलो फक्त आम्ही.

* * *

नकाशाचं काम आमच्या कांबळेकडे. हा नागपूरचा इंजिनिअर, नजर घारीची. मार्करची रेघ इतकी जाड आली होती की तिच्याखाली बारा घरं झाकली गेली. कांबळेने विचारलं, "ही कुणाची?"

तोवर इंचाइंचासाठी भांडणारे महापौर म्हणाले, "जिल्ह्याची!"

"छे, शहराची!" बाई म्हणाल्या.

त्या घरांचं सांडपाणी कायम तुंबतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

* * *

कांबळेच्या घरी मुलगा आणि मुलगी एका खोलीवरून भांडत होते. याने ऑफिसच्या सवयीने कागद घेतला, खोलीचा नकाशा काढला आणि दोघांना समोरासमोर बसवलं. पाच मिनिटांनी मुलगी शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "बाबा, इन ऑफिस पीपल रियली लिसन टू यू, मेह?"

हे त्याने स्वतःच सांगितलं, बिचाऱ्याने!

* * *

शेवटच्या दिवसापर्यंत शेतीचा प्रश्न सुटला नव्हता. बाईंचा चेहरा उतरला होता, मला वाईट वाटत होतं. दुपारी सगळे ईस्ट कोस्टला हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखालच्या खाऊगल्लीत, जेवायला गेलो. महापौरांना एक रिकामं टेबल दिसलं आणि ते ट्रे घेऊन बसले. तेवढ्यात नूडल्सचा वाडगा घेऊन एक आजी आल्या. त्यांनी टेबलावरच्या टिश्यूच्या पाकिटाकडे बोट दाखवलं.

कांबळे म्हणाला, "सर, पाकीट ठेवलं की जागा धरली. कायदा नाही, पण इथे ते कोणी हलवत नाही."

महापौर ट्रे उचलून उठले.

ऑफिसात परतलो. नकाशा टेबलावर पसरलेलाच होता. बाईंनी पर्समधून टिश्यूचं पाकीट काढलं आणि नदीकाठच्या शेतांवर ठेवलं.

महापौरांनी हात पुढे केला, पण पाकीट हलवलं नाही. मग कांबळेला म्हणाले, "रेघ पाकिटाच्या अलीकडून न्या."