करंजीचा घाट आणि जगाची जबाबदारी

युद्धात सापडलेल्या जगाला आपल्या सल्ल्याची गरज आहे, याबद्दल पुण्यात कोणालाच शंका नसते. मला तर मुळीच नव्हती. शाळेत भूगोल शिकवायचा आणि उरलेल्या वेळात एका साप्ताहिकातून युरोपातल्या राज्यकर्त्यांना चार शब्द सुनवायचे, हा माझा क्रम लढाई सुरू झाल्यापासून चालू होता. त्यांनी ऐकले नाही, हा त्यांचा दोष. पाथर्डीच्या वाचनालयाने मात्र ऐकले आणि ‘युद्धग्रस्त जग आणि आपली जबाबदारी’ या विषयावर व्याख्यानाला बोलावले. वळकटी, इस्त्रीचा कोट आणि जगाची काळजी एवढे सामान घेऊन मी निघालो.

नगरच्या स्टँडवर पाथर्डीची मोटार उभी होती. पेट्रोल सगळे लढाईवर गेलेले, म्हणून ही मोटार कोळशावर चालत असे. तिच्या पाठीला न्हाणीघरातल्या बंबासारखी एक उंच लोखंडी टाकी बसवलेली होती. टाकीत कोळसा धुमसायचा, त्याचा गॅस इंजिनात जायचा, आणि निम्मा धूर प्रवाशांना मिळायचा. ड्रायव्हर भागूजी गाडी चालवण्यापेक्षा ती टाकी ढोसण्यातच जास्त वेळ घालवी. त्याच्या तोंडावर काजळी इतकी होती, की तो हसतो आहे की चिडला आहे ते कळत नसे. त्याने मला पुढच्या गादीच्या बाकावर बसवले. जाताना करंजीचा घाट उतरणीचा लागतो, त्यामुळे गाडी आणि माझे विचार दोन्ही झपाट्याने पुढे गेले.

घाटाखाली मुलूख उघडा पडतो. दगड, बाभळी, पुन्हा दगड. मधूनच एखादे बाजरीचे रान, तेही पाहुण्याला दाखवण्यापुरते. पाथर्डीला वाचनालयाच्या मंडळींनी जेवायला शेंगोळे (हुलग्याच्या पिठाचे झणझणीत वळलेले वेढे) केले होते. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आले. यजमानांनी ते जगाच्या दुःखामुळे आले असे समजून मला आणखी वाढले.

व्याख्यान उत्तम झाले, असे मीच म्हणतो. छोट्या राष्ट्रांची दैना सांगताना माझा आवाजही योग्य जागी भरून आला. शेवटी मागून एका शेतकऱ्याने विचारले, “मास्तर, रॉकेल कवा मिळंल?” हा प्रश्न विषयाला सोडून असल्याचे मी सौम्यपणे सांगितले. मग गावातले निवृत्त मामलेदार रावसाहेब उठले आणि त्यांनी ठराव मांडला, की जगातल्या बलवानांनी दुर्बलांना जागा करून द्यावी. कापडाच्या पेढीवरच्या शेठजींनी अनुमोदन दिले. टाळ्यांच्या कडकडाटात ठराव मंजूर झाला. तो कोणत्या पत्त्यावर पाठवायचा, एवढे मात्र ठरायचे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी परतीच्या गाडीत पुढच्या बाकावर आम्ही तिघे होतो: रावसाहेब, शेठजी आणि मी. शेठजींचे दोन मोठे गठ्ठे टपावर चढले होते. त्यात जुनी पोती आहेत, असे त्यांनी कोणी न विचारताच सांगितले. मागच्या बाकांवर शेतकरी मंडळी होती. अगदी मागे, दोन बाकांच्या मधल्या जागेत गोधडी टाकून एक बाई निजली होती. गावातले म्हातारे पिंजारी बाबूचाचा यांची ती सून, हमीदा. तिचा नवरा फौजेत, कुठल्या मुलखात ते घरात कोणालाच ठाऊक नव्हते. आदल्या दिवसापासून ती अडली होती, सुईणीने हात टेकले होते आणि तिला नगरच्या दवाखान्यात पोचवायचे होते. सासू तिचे डोके मांडीवर घेऊन बसली होती. बाबूचाचा दाराशी उभे होते, कारण बसायला त्यांना सुचत नव्हते.

हमीदाचे कण्हणे पुढपर्यंत ऐकू येई. अशा वेळी सुशिक्षित माणसे काय करतात, ते आम्ही केले. आवाज थोडा वाढवून लढाईच्या बातम्यांवर बोलू लागलो. रावसाहेबांकडे बॅटरीवर चालणारा रेडिओ होता, त्यामुळे कोणत्या राष्ट्राने कोणाला वाऱ्यावर सोडले याचा त्यांना राग होता आणि तो ताजा होता.

घाटाच्या पायथ्याशी गाडी थांबली. मागची सगळी मंडळी कोणी न सांगता उतरली. ही इथली रीतच आहे. कोळशाच्या गाडीला भरल्या पोटाने घाट चढवत नाही, म्हणून लोकांनी खाली उतरायचे, पायवाटेने सरळ वर जायचे आणि माथ्यावर पुन्हा गाडी धरायची. बाबूचाचाही सुनेच्या कपाळावर हात ठेवून त्यांच्यामागे चालू लागले. पुढच्या बाकाला ही रीत लागू नाही, असे रावसाहेबांनी मला समजावले.

पहिल्याच वळणावर गाडीने धाप टाकली आणि ती उभी राहिली. भागूजीने मागे वळून पाहिले.

“तुमी तिघं उतरला तर वर निघंल,” तो म्हणाला. “बाईला उशीर हुतोय.”

“आम्ही पुढच्या बाकाचे तिकीट काढले आहे,” रावसाहेब म्हणाले. “प्रश्न दोन पावलांचा नाही, तत्त्वाचा आहे. आज आम्ही बाक सोडला, तर उद्या कोणीही उठवील.”

शेठजींनी आपले गुडघे दाखवले. डॉक्टरने त्यांना जिना चढायलाही मनाई केली होती. मी मध्यस्थी केली. आधी कोणी उतरावे याचे एक न्याय्य सूत्र ठरवू, असे सुचवले. वजनाप्रमाणे उतरायचे की वयाप्रमाणे, यावर चर्चा रंगली. दोन्ही सूत्रांत मी बाकावरच राहत होतो, त्यामुळे मला निःपक्षपातीपणे बोलता येत होते.

“बाबांनो, पोरीचं अंग गार पडाया लागलंय,” मागून सासू म्हणाली.

तेव्हा रावसाहेबांनी तिला विचारले, की कालच बैलगाडीने का नेले नाही.

भागूजी खाली उतरला, मागे गेला, टाकीचे झाकण दोनदा आपटले आणि फडक्याला हात पुसत पुढे आला.

“टाकी लई तापलीय,” तो म्हणाला. “अशी तापली म्हंजी फुटती कवा कवा.”

आम्ही उतरलो. सर्वांत आधी शेठजी उतरले, आणि त्या गुडघ्यांनी ते टपावर चढून दोन्ही गठ्ठे खाली ढकलून परतही आले. रावसाहेबांनी तत्त्व बाकावरच ठेवले आणि माझ्या आधी दरड गाठली. आम्ही तिघे एका मोठ्या दगडाआड बसलो. “बायांस्नी ऱ्हाऊ द्या, हालवता याचं न्हाई,” असे म्हणून भागूजी स्वतः गाडीत चढला. मला ते धाडसाचे वाटले. गाडी हलली, एक वळण चढली, दुसरे चढली. माथ्यावर शेतकरी मंडळी वाट पाहत उभी होती. ती आणि बाबूचाचा आत चढलेले आम्हाला खालून दिसले. मग गाडी दिसेनाशी झाली. टाकी फुटली नाही. रावसाहेबांची त्यामुळे थोडी निराशा झालेली दिसली.

आम्ही डांबर नसलेल्या त्या रस्त्याने चालू लागलो, कारण पायवाट आम्हाला ठाऊक नव्हती. शेठजी एक गठ्ठा थोडा पुढे नेऊन ठेवत आणि दुसऱ्यासाठी परत येत. त्या ओढाताणीत एक गठ्ठा फाटला. आत कोऱ्या लुगड्यांच्या घड्या होत्या. कापडावर सरकारी कंट्रोल आल्यापासून त्यांच्या पेढीवर लुगडे मागायला गेलेली बाई रिकाम्या हाताने परतत होती. रावसाहेबांनी चटकन मान वळवली आणि दरीतल्या देखाव्याचे कौतुक केले.

मला मात्र त्या चढावर भलतीच गोष्ट सुचली. टाकी फुटणार होती, असे आम्ही तिघांनीही मानले होते. तरी त्या टाकीला पाठ लावून पडलेली हमीदा आणि तिची सासू आत आहेत, याचे आमच्यापैकी एकालाही काही वाटले नव्हते. मी हे रावसाहेबांना बोलून दाखवले. ते म्हणाले, की ऊन फार आहे. मला स्वतःची लाज वाटली, आणि ती जगाच्या लाजेसारखी नव्हती. तिच्यावर टाळ्या मिळण्यासारखे काही नव्हते.

माथ्यावर एक कडब्याची गाडी मिळाली. शेठजी लुगड्यांपाशी थांबले. आम्ही दोघे कडब्यावर आडवे होऊन नगरला पोचलो तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. वाटेत रावसाहेबांनी ड्रायव्हरविरुद्ध तक्रारीचा मजकूर सांगितला. त्यात ‘नागरिकांची फसवणूक’ हे शब्द तीनदा आले. तो मी लिहून काढावा, अशी त्यांची इच्छा होती.

सकाळी मी मोटारीत राहिलेली वळकटी आणायला स्टँडवर गेलो. भागूजी टाकीत कोळसा भरत होता. मला पाहून त्याने मान खाली घातली. तेवढ्यात बाबूचाचा आले. त्यांच्या हातात कागदात बांधलेला गुळाचा खडा होता.

“साहेब, पोरगी झाली,” ते म्हणाले. “दोघी जित्या हायेत. डागदरीनबाई म्हनली, अजून घटकाभर लागली असती तर न्हाई.” त्यांनी गूळ माझ्या हातावर ठेवला. “तुमी मोठी मानसं. आमच्यासाठी घाटात उतरून चालत आला. आजकाल कोन कुनासाठी उतरतंय?”

माझ्या मागे कोळशाचे फावडे थांबले. एवढा गूळ मुकाट्याने खाणे मला सोपे होते. आदल्या दिवशीचा मी असतो तर त्याच्यावर दोन शब्दही बोललो असतो.

“चाचा, आम्ही उतरलो नाही,” मी म्हणालो. “टाकी फुटेल म्हणून पळालो. तुमची सून आत आहे, हेसुद्धा आठवले नाही.”

म्हाताऱ्याने भागूजीकडे पाहिले, मग माझ्याकडे.

“भागूनं रातीच सांगितलं मला,” ते म्हणाले. “पन तुमी पळाला का चालला, ते गाडीला काय म्हाईत? गाडी हलकी झाली. खावा गूळ.”

मी गूळ खाल्ला. तक्रार लिहिली नाही. रावसाहेबांनी ती नंतर स्वतः लिहिली असल्यास मला कल्पना नाही.

दुपारी पुण्याची गाडी धरली. तीही कोळशाचीच होती. शेजारचे गृहस्थ हातात ताजे वर्तमानपत्र घेऊन, बड्या राष्ट्रांनी ऐन वेळी कशी पाठ फिरवली, ते मला समजावून देत होते. केडगाव मागे पडले आणि एका साध्याशा चढावर गाडीने धाप टाकली. ड्रायव्हरने मागे वळून पाहिले. त्याच्या तोंडून टाकीचे नाव निघण्याआधी मी खाली उतरलो आणि मागे जाऊन खांदा लावला. खिडकीतून त्या गृहस्थांचा आवाज येत होता. या लढाईने जगात माणुसकी म्हणून काही ठेवले नाही, असे ते माझ्या रिकाम्या जागेला सांगत होते.