अंदमानला निघायच्या आधी

अंदमानला आम्ही अजून गेलेलो नाही, हे आधीच सांगून टाकते. तिकिटं फेब्रुवारीची आहेत. पण जाऊन आलेल्यांकडेही नसतील एवढे किस्से आमच्या स्टाफरूममध्ये आत्ताच साचलेत. ट्रिप ठरवायला बसलं की तिथूनच ती सुरू होते, असं माझं ठाम मत झालंय!

शाळा आमची पोलादपूरची. निम्मा स्टाफ माझ्यासारखा महाडहून येऊन-जाऊन करणारा. ट्रिपची कल्पना निघाली ती शेलार बाईंसाठी. बाई मराठी शिकवतात, यंदा रिटायर होणार. गाव कुडपण, वर डोंगरात. घर, शेती, म्हैस सगळं तिकडे, आणि ते सांभाळायला त्यांचे यजमान तात्या. सगळी नोकरी बाई आठवडाभर पोलादपूरच्या भाड्याच्या खोलीत राहिल्या आणि रविवार तेवढा वर घरी. त्यांची अट एकच होती. येईन तर ह्यांच्याबरोबर, नाहीतर तुम्ही खुशाल जा. आणि तात्यांचं उत्तर ठरलेलं. "म्हशीला कोण बघंल?"

बाईंशिवाय जाण्यात काही मजा नव्हती. तरी आम्ही तयारीला लागलो, कारण आम्हाला दम धरवत नव्हता.

*

भूगोलाचे सावंत सर पृथ्वीचा गोल काखेत मारूनच स्टाफरूममध्ये आले. अंदमान दाखवायला त्यांनी बोट ठेवलं, तर अख्खं अंदमान बोटाखाली गेलं.

संस्कृतच्या जोशी बाईंना ते काही पटेना. समुद्रच बघायचा तर हरिहरेश्वर काय वाईट आहे? सकाळी निघा, संध्याकाळी घरी या, असं त्यांचं म्हणणं.

सर शांतपणे म्हणाले, "बाई, तो समुद्र पाहुण्यांना दाखवायचा. हा आपण बघायचा."

जोशी बाईंनी त्याच दिवशी गॉगल घेतला.

*

मग व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघाला. सावंत सरांनी उत्साहाच्या भरात मेसेज टाकला, की प्रत्येकाने स्विमिंग कॉस्च्युम, टोपी आणि सनस्क्रीन न विसरता आणावे, ऐनवेळी कारणे ऐकली जाणार नाहीत. खाली नाव, हुद्दा सगळं. सवयच ती!

मेसेज गेला नववी ब च्या पालकांच्या ग्रुपवर.

सर तास घेत होते, त्यामुळे त्यांना पत्ताच नाही. इकडे पालकांची धावपळ सुरू. एक आई सनस्क्रीन कुठल्या दुकानात मिळतं विचारत होती. कुणी म्हणालं, नवीन शैक्षणिक धोरण असेल. शेवटी एका पालकांनी सगळ्यांच्या मनातलं लिहिलं. "सर, कॉस्च्युम नाय, हाफ चड्डी हाय. ती चालंल का?"

हेडसर त्या ग्रुपवर आहेत. त्यांनी उत्तर दिलं, "चालेल."

*

ज्या जोशी बाईंना हरिहरेश्वर पुरत होतं, त्यांनी आता ऑनलाइन स्नॉर्केलिंगचा मास्क मागवला. पाण्याखालचे मासे बघायचे तर श्वासाची प्रॅक्टिस हवी! मागच्या अंगणात मोठा टब भरला, मास्क लावला, नळी तोंडात धरली आणि बाई टबात डोकं घालून ओणव्या झाल्या.

तेवढ्यात दूधवाला आला. त्याने हाका मारल्या, पण पाण्यात कुठलं ऐकू येतंय! तो घाबरला आणि शेजारपाजारचे सगळे गोळा करून घेऊन आला. चौघींनी मिळून बाईंना खांदे धरून वर ओढलं. बाई नळी तोंडातून काढून एवढंच म्हणाल्या, "आज अर्धा लिटर जास्त द्या."

*

विमानात बॅगेचं वजन करतात हे कळल्यावर सगळ्यांना धसका बसला. त्यावर सावंत सरांनी तोडगा काढला, की आधीच एकदा बॅगा भरून बघू. एका शनिवारी आम्ही सगळे भरलेल्या बॅगा घेऊन महाडच्या भाताच्या गिरणीवर गेलो, कारण तिथला काटा खरा.

सगळ्यांच्या बॅगा वजनात बसल्या, फक्त सरांची बसेना. उघडली तर आत तांदूळ, कोकम आणि पिशवीभर सुकट. चारी बाजूंनी समुद्र असलेल्या बेटावर हा माणूस वाळलेली मासळी घेऊन निघाला होता!

गिरणीवाल्याने बॅगेकडे बघितलं, मग सरांकडे बघितलं आणि विचारलं, "सर, परत येणार हाव ना?"

*

हॉटेलच्या खोल्या ठरवायला पुण्याच्या एजंट मॅडमचा फोन आला. मी स्पीकर लावला. मॅडम भलत्याच खुशीत होत्या. जास्तीचा एक रुपया न घेता त्यांनी आम्हाला समुद्राला लागून कॉटेज मिळवून दिली होती. "सगळ्या खोल्या तळमजल्यावर. नुसतं दार उघडलं की पाणी!"

आम्ही महाडची माणसं. सावित्रीचं पाणी घरात शिरताना बघितलेल्याला तळमजला म्हटलं की आधी फ्रिज कुठे चढवायचा ते आठवतं.

सावंत सर फोनकडे वाकून म्हणाले, "मॅडम, ते आम्हाला घरी फुकट मिळतं."

*

वरच्या मजल्याच्या खोल्या मिळतात का ते बघून मॅडम दुसऱ्या दिवशी फोन करणार होत्या. नेमके त्याच दिवशी तात्या म्हशीची पेंड घ्यायला पोलादपूरला उतरले होते आणि शाळेत डोकावले. आम्हाला तोंडावर 'नाही' म्हणून सांगायचं, म्हणजे विषय संपेल, असा त्यांचा बेत होता. शेलार बाई वह्या तपासत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण हातातलं लाल पेन थांबलेलं मला दिसलं. मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात फोन आलाच. वरचा मजला मिळाला होता. सगळे खूश झाले, पण तात्यांनी हात वर केला आणि फोनला विचारलं, "मागं डोंगर हाय का?"

कुडपणचा माणूस दुसरं काय विचारणार? पावसाळ्यात दरडीकडे कान लावून झोपायची सवय त्यांना.

"अजिबात नाही सर!" मॅडम म्हणाल्या. "सगळं सपाट. चारी बाजूंनी नुसता समुद्र."

तात्यांनी पेंडीचं पोतं खाली ठेवलं. मग म्हणाले, "मग पळायचं कुठं?"

सावंत सर पृथ्वीचा गोल शोधायला लागले.

शेलार बाईंनी पेनाला टोपण लावलं. "अवो, पळायला नाय चाललो," त्या म्हणाल्या. "एका घरात सलग आठ दिवस राहायला चाललोय."

तात्यांनी पेंडीचं पोतं खांद्यावर घेतलं आणि दारात जाऊन वळले.

"म्हशीला बघायला कुणाला तरी सांगतो गो," ते म्हणाले.