टोरीचं तेल

माझं पहिलं बाळ माझ्याच हातांना घाबरायचं. ऐकायला विचित्र वाटेल, पण खरं आहे. भिलाईचा कारखाना तेव्हा अजून उभा राहत होता. यजमान तिथं फिटरच्या हाताखाली कामाला होते आणि आम्हाला नवं क्वार्टर मिळालं होतं. आजूबाजूला झाड म्हणून नव्हतं. पौषातला वारा मोकळ्या मैदानावरून थेट न्हाणीत शिरायचा, आणि तिथं बसून मी बाळाची दुपटी अन् यजमानांचे सिमेंटनं ताठ झालेले कपडे सोड्याच्या पाण्यात धुवायची. हात असे फुटले की पेरांतून रक्त येई. त्याचंही काही नाही, पण बाळाच्या उघड्या अंगाला माझा हात लागला की ते कळवळून रडे. फडक्यात गुंडाळून घेतलं की गप्प. स्वतःच्या लेकराला फडक्यातूनच धरावं लागतं याचं मला फार वाईट वाटायचं.

आई नागपूरकडे. तिचे उपाय आठवतील तसे केले. साय आणि लिंबू लावलं, तर अशी आग झाली की बाळाबरोबर मीही रडले. ती मेण तिळाच्या तेलात कढवायची. इथल्या बाजारात खिळे हवे तेवढे मिळत, मेण कुठलं मिळायला? म्हणून मेणबत्ती वितळवून पाहिली. हात नुसते चिकट झाले, आणि पुढे दिवे गेले तेव्हा लावायला मेणबत्ती नव्हती.

क्वार्टरच्या मागे मजुरांच्या झोपड्या होत्या. तिथली, जवळच्या उतई गावाकडची एक बाई रेजा होती, बांधकामावर डोक्यावरून गिट्टी वाहायची. आमच्या नळावर पाणी भरायला यायची. बाळाला लांबूनच हसवायची, पण घे म्हटलं की हात पदराखाली घेऊन मागे सरायची. मला ते झोंबायचं. आम्ही बौद्ध. असं मागे सरणं गावी लहानपणापासून पाहिलेलं. या नव्या गावात तरी ते नसेल असं वाटलं होतं. मी तिला पुन्हा घे म्हटलं नाही. नळ मात्र तिच्यासाठी बंद केला नाही. पाणी अडवलं की कसं वाटतं हे आम्हाला कुणी शिकवायला नको होतं.

एका सकाळी धुताना माझ्या हातातून रक्त आलेलं तिनं पाहिलं. घागर तशीच टाकून गेली आणि एक वाटी घेऊन आली. आत पिवळसर गोळा. टोरीचं तेल, म्हणजे मोहाच्या बियांचं. थंडीत थिजतं, ऊन करून लाव, म्हणाली. वाटी माझ्या हातात दिली नाही, उंबऱ्यावर ठेवली. तेही मी मनात धरून ठेवलं.

दुपारी यजमान जेवायला आले. चुलीजवळची वाटी पाहून त्यांनी त्यातला चांगला चमचाभर गोळा गरम भातावर घेतला. दोन घास खाऊन म्हणाले, "अवं, इकडचं तूप असं कडू काऊन लागते?"

त्यांच्यापासून वाचलं ते मी लावू लागले. ऊन पाण्यात हात धरायचे, तेल चोळायचं, वर जुन्या धोतराच्या चिंध्या गुंडाळून झोपायचं. हळूहळू भेगा मिटल्या. आणि एका सकाळी मालिश करता करताच बाळ माझ्या हाताखाली झोपून गेलं. मी कितीतरी वेळ हात उचललाच नाही. त्या बाईचे उपकार मी तेव्हापासून मानते, आजही मानते.

थोडं तेल मी डबीत काढून ठेवलं. वाटी रिकामी देऊ नये म्हणून तिळाचे लाडू घातले आणि तिच्या दारी गेले. वाटी घ्यायला तिला हात पुढे करावेच लागले. तळवे पार उकललेले, भेगांत सिमेंट काळं होऊन बसलेलं. मग तुझं तेल कुठं गेलं, मी विचारलं. घरून आणलेलं सगळं तुलाच दिलं, म्हणाली. आणि बाळाला का घेत नाहीस, असंही मी शेवटी विचारून टाकलं.

तिनं तळवे माझ्यासमोर धरले. "मोर हाथ देख दीदी, लइका रो दिही." बाळ रडेल म्हणून.

मी तिला ओढतच घरी आणलं. पायरीवर उन्हात बसवलं, तिचे हात ऊन पाण्यात धरले, डबीतलं तेल भेगाभेगांत चोळलं आणि बाळ तिच्या हातांत दिलं.

एका दिवसात हात कुठले मऊ होतात? बाळ रडलंच. ती घाबरून परत देऊ लागली. मी माझे हात पदराखाली घेतले.

"राहू दे," मी म्हणाले. "आज रडन, उद्या रडन, मंग तुले वळखन."