सासूच्या रेतीच्या बाटल्या

माझ्या सासूचे दंड माझ्यापेक्षा घट्ट आहेत. कुणी सांगितलं नाही, ती दुपारी झोपली होती तेव्हा मीच हात लावून बघितलं. मग स्वतःचा दंड दाबला. त्यापेक्षा मळलेली कणीक बरी.

आम्ही विरारला राहतो, तिसरा मजला, लिफ्ट नाही. सासूचं सगळं आयुष्य अर्नाळ्याला गेलं, डोक्यावर म्हावऱ्याची, मासळीची पाटी घेऊन दारोदार फिरायची. मग शुगर निघाली, गुडघे धरले, माझ्या नवऱ्याने तिला इथे आणलं, आणि सगळे म्हणाले, आता आराम कर, बसून खा. बसून बसून ती अशी झाली की मी लग्न करून आले तेव्हा खुर्चीतून उठताना माझा हात धरायची. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

मुलगा झाला त्याच सुमाराला तिची शुगर फार वाढली. डॉक्टर म्हणाले, आजी, नुसतं चालून भागणार नाही, वजन उचला, हातापायात ताकद आली तर साखर आवरेल आणि तोल जाऊन पडणार नाही. दवाखान्यातल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी तिला हात न टेकता खुर्चीतून उठबस शिकवली, रबरी पट्टा खेचायला दिला. वजनं कुठून आणायची, तर ही राजोडीच्या किनाऱ्यावरून रेती घेऊन आली, पाण्याच्या बाटल्यांत भरली, आणि रोज सकाळी पदर खोचून टीव्हीसमोर बाटल्या वर, बाटल्या खाली. मला हसू यायचं. हळूहळू तिची गोळी कमी झाली, ती जिना कठडा न धरता चढायला लागली, आणि मला हसू यायचं बंद झालं.

कारण पोरगा. तो दीड वर्षाचा झाला, अंगाने भरला, आणि मला त्याला घेऊन एक मजला चढवेना. छाती धडधडायची, डोळ्यासमोर काळं यायचं, तो कडेवरून घसरायचा. माझी आई अशीच दम लागतो दम लागतो म्हणत गेली. म्हणून मी कुणाला बोललेच नाही, बोललं की खरंच काहीतरी निघेल असं वाटायचं.

सासू म्हणायची, "आन त्याला इकडं," आणि एका हाताने उचलून घ्यायची. तोही हसत जायचा. शेजारीण एकदा जिन्यात म्हणाली, "आजी, तुमच्यात सून कोण नि सासू कोण, कळतच नाय हो!" दोघी खिदळल्या. मी घरात जाऊन रेतीच्या बाटलीला लाथ मारली. बाटली आडवीही पडली नाही, माझा अंगठा सुजला.

मग एका संध्याकाळी पोराला खाली फिरवून आणताना मी दुसऱ्या मजल्यावर बसले ती उठताच येईना. पोरगा माझ्या मांडीवर बसून "आजी, आजी" ओरडायला लागला. माझ्या मांडीवर बसून! सासू खाली आली, त्याला कडेवर घेतलं, दुसरा हात मला दिला.

"काय गो, रोज असंच होतं?"

माझं डोकंच फिरलं. "तुम्हीच म्हणालात ना, काय उचलायचं नाही! पाणी तुम्ही आणता, भाजी तुम्ही आणता, आता पोरपण तुम्हीच घेतलंत!"

"मी कधी बोलले?"

"बाळंतपणात!"

"अगो, ते सव्वा महिन्यासाठी!"

"मग संपलं म्हणून सांगितलं कुणी?"

तेव्हा तिला विहीर आठवली. तिच्या गावात सव्वा महिना झाला की बाळंतीण विहिरीवर जाते, हळदकुंकू वाहते, पहिली कळशी स्वतः भरून आणते, मग कामाला लागते. आमच्या बिल्डिंगला विहीर कुठली, टँकर येतो. ते राहूनच गेलं. मी बाळंतीणच राहिले, आणि तिला सगळं स्वतःच उचलायची सवय लागली.

दुसऱ्या दिवशी तिने मला ओढतच दवाखान्यात नेलं. छाती चांगली निघाली, रक्त फार कमी निघालं. मी तिथेच रडले. गोळ्या दिल्या. सासू डॉक्टरांना म्हणाली, "हिला पन बाटल्या द्या." ते म्हणाले, आधी रक्त वाढू दे, मग थोडंथोडं.

बरं वाटायला लागलं तशी ती मला गिरीजला नातेवाइकांच्या वाडीत घेऊन गेली. केळीच्या मागे विहीर. मी हळदकुंकू वाहिलं.

"अर्धीच भर," ती म्हणाली.

"पूर्ण भरते."

"अर्धी!"

अर्धी कळशी कमरेवर घेऊन मी पायरीपर्यंत आले, खाली ठेवली आणि पोरासाठी हात पुढे केले. त्याने आधी तिच्याकडे बघितलं. ते बघणं मला अजून टोचतं. तिने त्याला माझ्या हातात दिला नाही, जमिनीवर उभा केला.

"खालून घे. गुडघ्यात वाक, कमरेत नको."

वाकले, घेतला. दम लागला, पण काळोखी आली नाही.

"जड झालाय," मी म्हटलं.

"मीच वाढवलाय," सासू म्हणाली.

परत अंगाची आग झाली माझ्या. दंड भरून आले होते, तरी वाडीच्या फाटकापर्यंत मी त्याला खाली उतरवला नाही, आणि ती घ्यायला आली तेव्हा दिलाही नाही.