कड्यावरची चौकी

आबा, माझे वडील, लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि कोरेगावला ऊस करू लागले, त्याला आता बरीच वर्षं झाली. काश्मीरमधल्या आपल्या चौकीबद्दल घरात त्यांनी कधी चकार शब्द काढला नव्हता. जुने किल्ले बघायची मात्र त्यांना हौस. म्हणून गेल्या हिवाळ्यात मी सांगलीहून परवानगी काढली आणि आम्ही बापलेक चांदोलीच्या राष्ट्रीय उद्यानात गेलो. सोबत तिथलाच एक वनरक्षक होता.

दाट झाडीतून चढत गेलो आणि एकदम पुढची जमीनच संपली. खाली, फार खाली, कोकण. धुक्यातून नुसते डोंगरांचे माथे वर आलेले.

"मराठ्यांच्या राज्यात हितं चौकी हुती," वनरक्षक म्हणाला. "कोकणातनं बैलांचे तांडे मीठ घिऊन यायचे, त्या वाटंवर नजर ठिवायला. इंग्रज आलं आन् शिबंदी उठली. मग गवळी राह्यलं. उद्यान झालं तवा त्यास्नीबी खाली हलवलं."

आता तिथे कमरेइतका तट आणि खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं, एवढंच उरलं होतं. टाक्यातल्या पाण्यातून तळ स्वच्छ दिसत होता.

आबा तटाशी वाकले. कातळावर खड्यांनी खेळायच्या नवकंकरीचा पट कोरलेला होता. त्याच्या रेघांवरून ते बराच वेळ बोट फिरवत राहिले.

"आमीबी खोक्याच्या झाकणावर असाच काढला हुता," ते हळूच म्हणाले. "बर्फ पडाया लागलं की म्हैनंम्हैनं खालचं माणूस दिसायचं न्हाई. कोण डाव हरला की त्यानं चहा करायचा."

"तुम्ही किती वेळा केलात?" मी विचारलं.

"लय. मला ह्यो डाव जमतच नव्हता."

ते हसले, आणि मग बोलतच राहिले. सोबत्यांच्या खोड्यांबद्दल, त्यांच्यातला एक परतला नाही त्याबद्दलही. मी त्यांच्या शेजारी कातळावर बसून ऐकत होते.

वनरक्षकाने हात वर केला. आबा बोलता बोलता थांबले आणि उठून उभे राहिले. कारवीच्या झुडपांतून एक गवा बाहेर आला. काळाभोर, तटापेक्षा उंच. त्याने आमच्याकडे एकदा पाहिलं, टाक्यावर मान वाकवली आणि सावकाश पाणी प्यायला. तो झाडीत जाईपर्यंत आबा ताठ उभे होते, श्वाससुद्धा जपून घेत.

"हितला पहारा चालू हाय अजून," ते म्हणाले.

उतरताना अंधारायला लागलं होतं. आबांनी माझा हात धरला तो गाडीपर्यंत सोडला नाही.